सुधा समधन आणि भरलेला ग्लास

ईरा, नील,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत आणि उत्तर ऐकायच्या आत तुमच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली. पहिला प्रश्न: 'कर्फ्यू पास' या बँडच्या त्या गाण्यात जिच्या नाकाची एवढी टिंगल केली आहे, ती नल्लकुंट्याची सुधा समधन म्हणजे आजी, तूच का? दुसरा: गाणं संपल्यावर अगदी शेवटी 'टक' असा आवाज येतो, तो कसला? त्याच आठवड्यात इथल्या हैदराबादच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले. म्हटलं, एका लिहिण्यात दोन्ही उरकू. तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे. आई वाचून दाखवेल. ती मधली काही वाक्यं गाळायला बघेल, विशेषतः तिच्या वडिलांबद्दलची. गाळू देऊ नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होय, ते नाक माझंच. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

आजी ऑफिसात जायची, एवढंच तुम्हाला सांगितलेलं आहे. याला कारण तुमचे आजोबा. आपली कॉन्व्हेंटात शिकलेली बायको अफझलगंजला दोरखंडाच्या दुकानावर असलेल्या कॅसेट कंपनीत काम करते, हे त्यांना नातेवाइकांत सांगवत नसे. ते 'प्रकाशन व्यवसायात आहे' म्हणत. लोकांना वाटे, मी पाठ्यपुस्तकं काढते.

कंपनी लतीफभाईंची. कंपनी म्हणजे दोन खोल्या. एकीत कॅसेटी भरायची यंत्रं, दुसरीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेला स्टुडिओ. धंदा 'व्हर्जन'चा. गाजलेलं गाणं घ्यायचं, ते दुसऱ्या, स्वस्त गळ्याकडून गाऊन घ्यायचं आणि कॅसेटच्या वेष्टनावर मोर नाहीतर ताजमहाल छापून बाजारात सोडायचं. आज याला कव्हर म्हणतात आणि त्यात म्हणे मान आहे. तेव्हा आम्हाला सरळ चोर म्हणत. लतीफभाईंचं म्हणणं होतं की चोर न विचारता नेतो, आपण विचारून नेतो. हे विचारायचं काम माझं होतं. बाजारात मला 'लेटर मॅडम' म्हणत.

बाहेरच्या माणसाला हे काम कळत नाही, म्हणून साधं सांगते. गाणं हवेत असलं तरी कुणाचं तरी असतं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, कधी दोघंही गेलेले आणि मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. ते गाणं पुन्हा गाऊन विकायचं तर त्या सगळ्यांचा होकार लागतो. मी इंग्रजीत पत्र टाइप करायचे, रिक्षाने त्यांच्या घरी जायचे, चहा घ्यायचे आणि सही आणायचे. माझा नियम एकच: सही घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. समोरचा कंटाळला तरी शेवटपर्यंत. मला सूर कळत नाही, ताल कळत नाही. लतीफभाई म्हणायचे, म्हणूनच तुम्ही या खुर्चीला लायक आहात. ज्याला गाणं आवडतं तो कागद विसरतो.

माणसं मात्र एकेक भेटली. एक भजनकार होते. भजन आपण केलंच नाही, देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, मी सही करणं म्हणजे पाप, यावर ते अडून बसले. मी त्यांना सोडून देवाला पत्र पाठवायची तयारी दाखवली आणि पत्ता विचारला. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, देवाचा इथला पत्रव्यवहार मीच बघतो. देवातर्फे त्यांनी सही केली. मानधन मात्र स्वतःतर्फे घेतलं.

आता नाकाकडे येते.

हैदराबादेत मुसलमानांच्या लग्नघरी बायका ढोलक घेऊन बसतात आणि समधन, म्हणजे आपल्याकडची विहीण, हिच्यावर गाणी रचून म्हणतात. तिचा स्वयंपाक, तिची चाल, तिचा नवरा, काही सोडत नाहीत. आपल्या गावाकडेही विहिणीची उणीदुणी काढायची गाणी होती, माझी आत्या त्यात तरबेज होती, पण इथल्या बायकांची धार वेगळी. चाल जुनी, कुणाच्याच मालकीची नसलेली. नावं आणि टोमणे मात्र त्या त्या घरचे, ताजे. नियम असा की जिच्यावर गाणं चाललंय तिने तिथे समोर बसायचं. रागावली तर हरली, उठून गेली तर जन्माचं हसं झालं. शेवटी गाणारी तिला सरबताचा ग्लास देते. त्यात साखरेऐवजी मीठ असतं. ते तिने हसत संपवायचं. मग दोन्ही घरं जेवायला बसतात.

या गाण्यांतली राणी म्हणजे बिल्किसआपा. तिची कॅसेट काढायची लतीफभाईंना फार हौस. आपा आल्या, बुरखा काढून ठेवला, ढोलक मांडीखाली घेतली आणि गप्प बसल्या. लतीफभाईंनी यंत्र चालू करून खुणा केल्या. आपा ढिम्म.

"किसकू सुनाऊं?" त्या म्हणाल्या. "ये गादी कू?"

लतीफभाई म्हणाले, माइकला सुनाओ.

"माइक की अम्मा कौन है, बाप कौन है, मेरेकू क्या मालूम? गाली खानेवाला सामने होना."

मी त्याच वेळी सहीचा कागद घेऊन दारात उभी होते. आपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लतीफभाईंना सांगितलं, वो चश्मेवाली कू बिठाओ. मला नाव विचारलं, राहते कुठे विचारलं. बस. पुढचा अर्धा तास मी खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसले होते, कॉन्व्हेंटातल्या ननांनी शिकवल्याप्रमाणे, आणि ती बाई माझ्याकडे बघत गात होती:

*नल्लकुंटे की सुधा समधन, नाक की क्या ऊंचाई,*
*पैले नाक दरवाजे आई, पीछे समधन आई.*

नाकावर भागलं नाही. माझं इंग्रजी, माझी पिशवी, माझ्या नवऱ्याची मापात कापलेली मिशी, जी तिने पाहिलीही नव्हती, सगळं झालं. शेवटी मिठाचं सरबत आलं. मी संपवलं. मग कागद वाचून दाखवला आणि सही घेतली.

ती कॅसेट आमच्या कंपनीची सगळ्यात जास्त चाललेली कॅसेट. मला वाटलं होतं, नाव नंतर बदलतील. लतीफभाई म्हणाले, पुन्हा गायला लावलं तर आपा तुम्हालाच पुन्हा बसवणार. नाव राहिलं. पुढची कित्येक वर्षं या शहरातल्या लग्नांत लोक माझ्या नाकावर जेवले. नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे प्रदर्शनात, एका स्टॉलवर हीच कॅसेट कर्ण्यावर लावली होती, आणि तुमच्या आईने, वय वर्षं सहा, भर गर्दीत माझा पदर ओढून सगळ्यांना सांगितलं, "यही है, यही है सुधा समधन." आजोबा दोन स्टॉल पुढे जाऊन लोणच्याच्या बरण्या बघत उभे राहिले.

मग कॅसेटी गेल्या, लतीफभाई गेले. त्या दोन खोल्यांत आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी घरी बसून शब्दकोडी सोडवू लागले.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी दारावर दोन जण आले. मुलीच्या डोक्याची एक बाजू तासलेली, दुसऱ्या बाजूला केस. मला आधी वाटलं आजारी आहे, म्हणून खुर्ची पुढे केली. ती स्वप्ना, बँडची गायिका, दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत. बरोबरचा इमाद ड्रम वाजवतो आणि दिवसा एका बँकेतर्फे लोकांना फोन करून कर्ज घ्या म्हणून छळतो. तो माझ्या नाकाकडे बघत होता. बघत होता आणि हसू दाबत होता. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "कुछ नै आंटी. बचपन से गाने में सुनते आ रा हूं. इत्ती बड़ी तो है नै."

तो बिल्किसआपांचा नातू होता. आजीनेच त्याला सांगितलं होतं, त्या सुधाला विचारा, जिवंत असली तर.

त्यांची अडचण अशी. बँड राजकीय. म्हणजे रस्ते, फुटलेले पेपर, पाणी, पुढारी, सगळ्यांवर कचाकचा गाणी. त्यांचा पहिला अल्बम इंटरनेटवरून उतरवला गेला. सरकारने नाही. कुणीतरी तक्रार केली की त्यातल्या एका चालीची परवानगी नव्हती. खरंच नव्हती. म्हणजे तोंड दाबायला कुणाला बंदी घालायची गरजच पडली नाही, एक टाइप केलेली तक्रार पुरली. मला हे ऐकून त्या तक्रारदाराबद्दल, खरं सांगते, थोडा आदर वाटला. आता दुसरा अल्बम. त्यात एकही गाणं त्यांचं स्वतःचं नाही. सगळी जुनी, दुसऱ्यांची: संपातली, मोर्चातली, लग्नातली. नाव 'मांगे के गाने', म्हणजे मागून आणलेली गाणी. स्वप्ना म्हणाली, आंटी, या वेळी एकसुद्धा भोक राहायला नको.

क्रांती करायला निघालेली मुलं माझ्याकडे फायलिंग शिकायला आली होती. मी लगेच हो म्हटलं. आजोबांनी मला आठवण करून दिली की मला गुडघेदुखी आहे. मी त्यांना आठवण करून दिली की ते प्रकाशन व्यवसायातल्या बाईशी बोलताहेत.

बाकीच्या गाण्यांच्या परवानग्या मिळाल्या. एका गिरणीच्या संपातलं गाणं लिहिणारे गृहस्थ तर आता वास्तुशास्त्राचा सल्ला देतात. तरुणपणी त्यांनी मालकांची घरं पेटवायची भाषा केली होती, आता त्याच घरांतली स्वयंपाकघरं आग्नेयेला हलवतात. परवानगी आनंदाने दिली. अट एकच, रेकॉर्डिंगच्या वेळी गाणाऱ्याचं तोंड पूर्वेला हवं. स्वप्ना भडकली. मी म्हटलं, अट लिखित आहे, पाळावी लागेल. अल्बममधल्या त्या गाण्यात क्रांतीचं तोंड पूर्वेला आहे, हे आता तुम्हाला कळलं.

अडलं ते घरच्याच गाण्यावर.

आपांचं समधनचं गाणं घ्यायचं, चाल कुणाचीच नसली तरी शब्द त्यांचे, आणि त्यात समधनऐवजी त्यांच्या भागातल्या आमदारसाहेबांचं नाव घालायचं, असा बँडचा बेत. बाकी सगळा अल्बम या गाण्याभोवती उभा होता. कारण पाणी. आपांची गल्ली अफझलगंजच्या मागे, नदीकडे उतरणारी. तिथल्या नळात गटाराचं पाणी मिसळतं. निवडणुकीत आमदारसाहेबांनी प्रत्येक दारात उभं राहून पाइप बदलायचं वचन दिलं होतं, आणि निवडून आल्यावर त्या गल्लीत त्यांचा फक्त फ्लेक्स आला. आपांना दोनदा कावीळ झाली. दुसऱ्या काविळीनंतर त्यांचा वरचा सूर गेला, तो परत आला नाही.

ओळखीच्या वकिलाने मुलांना बजावलं होतं: आमदाराचं नाव काढा नाहीतर गाणं काढा, नाहीतर हाही अल्बम जाईल. स्वप्नाला नाव हवंच होतं. नाव नसलेलं गाणं कुठल्याही आमदारावर बसतं, म्हणजे कुणावरच नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

आम्ही आपांकडे गेलो. इतक्या वर्षांनी भेट. त्या वाळल्या होत्या, पण नजर तीच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, नाक तेवढंच आहे, मागची समधन म्हातारी झाली. चहा दिला आणि सांगितलं, कॅनच्या पाण्याचा आहे, घाबरू नको. मग इमादला नळ सोडायला लावून भांडं माझ्यापुढे धरलं. मी आधी समजले, तोही चहाच आहे.

मी कागद काढला, वाचून दाखवला. आपांनी पूर्ण ऐकला आणि बाजूला सारला.

"सामने नै सो आदमी कू गाली देना चुगली है," त्या म्हणाल्या. "चुगली मैं नै करती."

स्वप्नाने समजावलं की आमदार आपल्यासमोर कधीच येणार नाहीत, म्हणून तर लोक गाणी करतात. इंटरनेटवर ऐकतीलच ना. आपांना इंटरनेट माइकइतकंच परकं. "वो तुमारा गाना होंगा बेटा. ये मेरा है. पैला अंतरा सुधा का, वो बी सामने बैठेगी. दूसरा उसका, वो बी सामने बैठेगा. फिर तुमारे जी में आए उत्ता बजाओ."

खाली उतरल्यावर स्वप्ना माझ्यावरच चिडली. म्हणाली, ही परवानगी नाही, हा नकार आहे. मी तिला म्हटलं, बाई, अट आणि नकार यांतला फरक ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. ही अट आहे. आमदार खुर्चीत बसला पाहिजे, इतकंच.

आणि हैदराबादेत आमदार कुठे हमखास बसतो? लग्नात. आपल्या भागातलं कुठलंही लग्न तो चुकवत नाही. येतो, सोफ्यावर बसतो, फोटो काढतो, पुढच्या लग्नाला जातो. इमादच्या बहिणीचं, सनाचं, लग्न ठरलेलं होतं. मुलाचे काका आमदारसाहेबांच्या कार्यालयात होते आणि आमदार आमच्याकडून येणार, असं मुलाकडचे गल्लीभर सांगत फिरत होते. आपांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पानदान बंद केलं.

"उधर से आ रा तो समधीच हुआ," त्या म्हणाल्या. "गाली का हक पूरा बनता."

लग्नाच्या दिवशी मी स्टार्च केलेली पांढरी साडी नेसले आणि तुमच्या आजोबांना कानात घालायला कापूस दिला. फंक्शन हॉलमध्ये पुरुषांच्या बाजूला बँडची वायरींची गुंतवळ पडली होती. पडद्याच्या वरून बायकांच्या डोळ्यांची रांग. आपा ढोलक घेऊन खाली गालिच्यावर, त्यांच्यामागे इमादचे ड्रम. समधीसाठी, म्हणजे व्याह्यासाठी, लाल मखमलीचा सोफा.

आमदारसाहेब आले. गोरे, गुबगुबीत, अत्तर लावलेले. बसताक्षणी मी शेजारी जाऊन इंग्रजीत नमस्कार केला आणि कागद पुढे केला. लग्नात लोक त्यांच्यापुढे सतत कागद धरतात, कुणाला बदली हवी असते, कुणाला दाखला. त्यांनी सवयीने पेन काढलं.

मी म्हटलं, सही नंतर, आधी वाचते. आणि सगळं वाचलं: वधूची आजी प्रथेप्रमाणे समधीवर टिंगलीचं गाणं म्हणेल, त्यात तुमचं नाव आणि तुमच्या कामकाजाचा उल्लेख असेल, ते रेकॉर्ड होईल, अल्बममध्ये येईल, आपली हरकत नाही. नंतर उर्दूतही सांगितलं. त्यांचं अर्धं लक्ष फोटोग्राफरकडे होतं.

"मेरे पे गाना?" ते म्हणाले. "बहुत अच्छा, बहुत अच्छा. साइन कां करना?"

मी जागा दाखवली. ईरा, नील, लक्षात ठेवा: मी त्यांना फसवलं नाही. मी वाचून दाखवलं होतं. लोक ऐकत नाहीत, हा माझा दोष नाही.

अटीप्रमाणे मीही समधन म्हणून त्याच सोफ्यावर बसले. पहिला अंतरा माझा. आपांचा आवाज खाली आला होता, पण मागून इमादने ड्रमवर असा काही मारा सुरू केला की माझं नाक त्या हॉलमध्ये झुंबरांपर्यंत गेलं. गिटारवाल्याने मध्येच तारा अशा ओरबाडल्या की आजोबांनी कापूस पुन्हा चाचपून बघितला. आमदारसाहेब मनापासून हसले. माझ्याकडे वळून माझं नाक नीट पाहून पुन्हा हसले आणि टाळ्या वाजवल्या. कॅमेरा चालू होता.

मग स्वप्नाने त्यांचं नाव घेतलं. आधी पोट, मग गाडीचा भोंगा, मग फ्लेक्सवरचं त्यांचं तरुण चित्र. ते हसत होते. नावाने गाणं होतंय, यात त्यांना गोडी वाटत होती. मग आपांनी स्वप्नाला हाताने थांबवलं आणि पुढचं स्वतः म्हटलं, फक्त ढोलकवर:

*समधी साब का वादा देखो, क्या बोले क्या आया,*
*हमने तो पानी मांगे थे, नालाच घर कू आया.*

पडद्यामागच्या बायका एकदम हसल्या. आमदारसाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात आता ते स्वतः नव्हते. त्यांची दोन माणसं वायरींकडे सरकली. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. जिकडेतिकडे फोन वर धरलेले. मुलाचे काका घाम पुसत होते. साहेबांनी एक बोट उचललं आणि माणसं थांबली. त्यांचा जन्म याच भागातला. रागावला तो हरला, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तेव्हा आपा उठल्या. सनाच्या मावशीने आतून ट्रे आणला, त्यावरचा ग्लास आपांनी दोन्ही हातांनी उचलून साहेबांना दिला. त्यांना वाटलं मिठाचं सरबत. ते परत हसले, ग्लास तोंडापर्यंत नेला आणि झुंबराच्या उजेडात रंग पाहिला. वास आला असावा. मी शेजारीच होते, मला तर आलाच होता, आणि माझं नाक तुम्हाला माहीत आहे.

तो गल्लीच्या नळाच्या पाण्याचा ग्लास होता. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कागदात लिहिलं असतं आणि सगळंच फिसकटलं असतं, म्हणून सांगितलं नसेल.

प्यावा तर आजारपण, न प्यावा तर अर्ध्या शहरासमोर समधी हरला. त्यांनी तिसरी वाट काढली. ग्लास हातात धरून बसून राहिले. बँडने पुन्हा उचल घेतली, स्वप्ना गात राहिली, अख्खं गाणं, आणि तो माणूस गुडघ्यावर ग्लास घेऊन ताठ बसला होता. मला ओळखीचं वाटलं ते बसणं. ड्रमच्या दणक्याने ग्लासातलं पाणी थरथरत होतं आणि तो सांडू नये म्हणून जपत होता.

गाणं संपलं. साहेबांनी पुढे वाकून ग्लास काचेच्या टेबलावर ठेवला.

मग उठून त्यांनी नवरानवरीबरोबर फोटो काढला. ते काही लेचेपेचे गृहस्थ नव्हेत. जाताना आपांसमोर थांबले आणि म्हणाले, "आपा, आवाज अब्बी बी वैसाइच है."

"आवाज तो गया साब," आपा म्हणाल्या. "पानी वैसाइच है."

रिवाजाप्रमाणे आपांनी त्यांना जेवून जायला सांगितलं. ते थांबले नाहीत. त्यांना दारापर्यंत सोडून आल्यावर आपांनी माझा कागद मागवून घेतला, सही केली आणि माझ्या ताटात बिर्याणी वाढायला लावली.

अल्बम आला. आठवड्याच्या आत साहेबांच्या कार्यालयातून इंग्रजीत पत्र आलं, बदनामीबद्दल, बरंच चांगलं टाइप केलेलं. मी त्यांना त्यांची सही पाठवली आणि सोबत ते माझ्या नाकावर टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ. पुढे पत्र आलं नाही. गाणं अजून तिथेच आहे, नावासकट, म्हणून तर तुम्ही ते तिकडे बसून ऐकलंत.

आणि पाणी? तुम्ही विचाराल म्हणून सांगते. गाणं फार वाजायला लागल्यावर गल्लीत खोदकाम सुरू झालं. नवा पाइप अर्ध्या गल्लीपर्यंत आला आणि थांबला. आपांचं घर उरलेल्या अर्ध्यात आहे. त्या म्हणतात, दुसरं लग्न ठरू दे. इमाद तेव्हापासून लग्नाचा विषय काढला की घराबाहेर जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हॉलमध्ये रेकॉर्डिंग चालूच होतं, त्यामुळे ग्लास ठेवल्याचा आवाज टेपवर आला. स्टुडिओतल्या मुलाला तो बसका वाटला. त्याने एक छान रिकामा ग्लास टेबलावर आपटून स्वच्छ, टणटणीत आवाज घेतला आणि तो लावू या म्हणाला. इमाद म्हणाला, नक्को, भरलेला ग्लास असाच वाजतो. मला सूर कळत नाही, पण या बाबतीत मी परवानगी देणारी होते आणि मी दिली नाही. रिकाम्या ग्लासाचा आवाज म्हणजे व्हर्जन झालं असतं.

त्या अल्बममध्ये सगळं मागून आणलेलं आहे, चाली, शब्द, माझं नाकसुद्धा. ओरिजिनल फक्त ती 'टक' आहे. पुढच्या वेळी हेडफोन लावून ऐका.

तुमची आजी,
सुधा समधन